मॅझिनीच्या गावी, माफक खर्चात

भगूरचा सावरकर वाडा किंवा नाशिकच्या तिळभांडेश्वर गल्लीतील अभिनव भारत मंदिर पाहून आलेल्या माणसाच्या कानावर एक परदेशी नाव हमखास पडलेले असते. ते नाव म्हणजे जोसेफ मॅझिनी. इटलीच्या एकीकरणाच्या या प्रवर्तकाचे चरित्र आणि लेख विनायक दामोदर सावरकर यांनी १९०६ मध्ये लंडनमध्ये मराठीत आणले. १९०७ मध्ये त्यांचे थोरले बंधू बाबाराव यांनी ते पुस्तक प्रसिद्ध केले आणि पुढे इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली. 'मित्रमेळ्या'तून १९०४ मध्ये उभ्या राहिलेल्या 'अभिनव भारत' या संघटनेमागेही मॅझिनीच्या 'यंग इटली'ची प्रेरणा होती.

हा मॅझिनी ज्या गावचा, ते जिनोआ म्हणजे इटलीच्या वायव्य किनाऱ्यावरील जुने आणि मोठे बंदर. आपल्याकडील सहली रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस आणि पिसाचा मनोरा अशा ठरलेल्या वाटेने जातात. जिनोआ बहुधा वगळले जाते. एकट्याने आणि बेताच्या खर्चात जाणाऱ्याच्या मात्र हे पथ्यावरच पडते. येथे पाहण्याजोगे पुष्कळसे गल्ल्यांत, टेकड्यांवर आणि समुद्रकाठी आहे आणि त्याला तिकीट नाही.

खर्चाचा हिशेब नाशिकमध्येच

अशा प्रवासाचा खर्च दोन भागांत मोडतो. व्हिसा, विमा आणि विमानाचे तिकीट हा खर्च तीन दिवस राहा की दहा दिवस, तेवढाच असतो. राहणे, खाणे आणि फिरणे हा खर्च दिवसागणिक वाढतो. म्हणूनच आठवड्यात पाच शहरे पालथी घालण्यापेक्षा एकाच शहरात मुक्काम ठोकणे स्वस्त पडते. रेल्वेभाडे वाचते, सामान ओढत फिरावे लागत नाही आणि गावही कळते.

इटलीसाठी शेंगेन व्हिसा लागतो. त्यावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. प्रौढांसाठी जून २०२४ पासून शुल्क ९० युरो आहे. त्याशिवाय अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. व्हिसा नाकारला गेला, तर शुल्क परत मिळत नाही. प्रवास विमा किमान ३० हजार युरोंचा हवा. परतीच्या तारखेनंतर पासपोर्टची मुदत निदान तीन महिने शिल्लक असावी आणि त्यात दोन कोरी पाने असावीत. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारणपणे १५ दिवस लागत असले, तरी गर्दीच्या काळात अधिक वेळ हाताशी ठेवावा. महाराष्ट्रातील अर्जदारांसाठी इटलीचा महावाणिज्यदूतावास मुंबईत आहे.

एकट्याच्या अर्जात बँकेचे खातेपुस्तक, प्राप्तिकर विवरणपत्र, नोकरी असल्यास रजा मंजूर झाल्याचे पत्र आणि मुक्कामाचे आरक्षण यांत मेळ असणे महत्त्वाचे. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात एकदम मोठी रक्कम भरल्यास ती शंकेचे कारण ठरू शकते. व्हिसा हाती येईपर्यंत परतावा न मिळणारे तिकीट काढू नये. शेंगेन देशांच्या सीमेवर ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेण्याची नवी पद्धत लागू झाली आहे. त्यामुळे मधल्या विमानतळावर विमान बदलताना पुरेसा वेळ राखावा.

कधी आणि कसे जाल?

एप्रिल-मे आणि सप्टेंबर हे महिने सोयीचे. ऑगस्टमध्ये खुद्द इटालियन लोक सुटीवर असतात आणि किनाऱ्यावरील खोल्या महागतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येथे मुसळधार पाऊस कोसळतो. २०११ आणि २०१४ मध्ये शहराने पुराचे तडाखे सोसले आहेत. सप्टेंबरमध्ये जाणाऱ्यांनी त्या महिन्यातील नौका प्रदर्शनाच्या तारखा टाळाव्यात. त्या दिवसांत खोल्यांची टंचाई असते.

जिनोआला विमानतळ आहे. पण खर्चाच्या दृष्टीने मुंबईहून मिलानला उतरणे बहुधा परवडते. मालपेन्सा विमानतळावरून मिलानच्या मुख्य स्थानकापर्यंत रेल्वेने सुमारे तासाभराचा आणि तेथून जिनोआपर्यंत दीड ते दोन तासांचा प्रवास. प्रादेशिक गाड्यांचे भाडे ठरलेले असते, ते ऐनवेळीही वाढत नाही. जलद गाड्यांचे मात्र आधी काढलेले तिकीट स्वस्त पडते. प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटावरील यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवावा लागतो. हे विसरल्यास दंड होतो.

कोठे राहाल?

पियात्सा प्रिंचिपे आणि ब्रिन्योले ही जिनोआची दोन मुख्य स्थानके. या दोहोंच्या मधल्या भागात राहिल्यास बहुतेक ठिकाणी पायी जाता येते. एकट्यासाठी हॉस्टेलमधील सामायिक खोलीतील खाट सर्वांत स्वस्त. आरक्षण करताना स्वयंपाकघर वापरता येते का, हे पाहावे. महिलांसाठी स्वतंत्र खोल्याही अनेक ठिकाणी असतात. प्रत्येक रात्रीमागे महापालिकेचा पर्यटक कर वेगळा भरावा लागतो. तो आरक्षणाच्या रकमेत धरलेला नसतो.

काय पाहाल?

पहिला दिवस जुन्या गावाला द्यावा. डोंगर आणि बंदर यांच्या चिंचोळ्या पट्टीत हे गाव वाढले. त्यामुळे गल्ल्या इतक्या अरुंद, की जुन्या नाशिकच्या गल्लीबोळांची आठवण व्हावी. येथे त्यांना 'कारुज्जी' म्हणतात. व्हिया लोमेल्लिनी या गल्लीत ११ क्रमांकाचे घर आहे. २२ जून १८०५ रोजी मॅझिनीचा जन्म या घरात झाला. तेथे आता इटलीच्या स्वातंत्र्यलढ्याचे संग्रहालय आहे. ते सर्व दिवस उघडे नसते, म्हणून वेळ आधी पाहून जावे.

जवळच्या लार्गो देल्ला झेक्का चौकातून रिगीच्या टेकडीवर फ्युनिक्युलर रेल्वे जाते. आपल्या सप्तशृंग गडावरील फ्युनिक्युलर ट्रॉलीचीच ही थोरली बहीण. फरक इतकाच, की येथे ती शहर बससेवेचाच एक भाग आहे. वरून बंदर आणि जुना दीपस्तंभ 'लांतेर्ना' दिसतो. सध्याचा दीपस्तंभ १५४३ चा आहे.

दुसऱ्या दिवशी सान लोरेन्झोचे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे कॅथेड्रल पाहावे. ९ फेब्रुवारी १९४१ रोजी ब्रिटिश युद्धनौकांनी डागलेला तोफगोळा छत फोडून आत पडला, पण फुटला नाही. तो आत जपून ठेवला आहे. तेथून उतरत बंदरावर यावे. कोलंबसच्या सफरीला पाचशे वर्षे झाली तेव्हा, म्हणजे १९९२ मध्ये, जिनोआचेच वास्तुविशारद रेंझो पियानो यांनी या जुन्या धक्क्यांचा कायापालट केला. मत्स्यालयाचे तिकीट महाग आहे. ते वगळले, तरी धक्क्यावरची संध्याकाळ फुकटच असते.

व्हिया गारिबाल्डी या रस्त्यावर व्यापारी घराण्यांचे प्रासाद ओळीने उभे आहेत. जिनोआतील अशा ४२ प्रासादांना २००६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. पालात्सो रेआले आणि पालात्सो स्पिनोला या सरकारी संग्रहालयांना महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश विनामूल्य असतो. मुक्काम त्या बेताने आखावा.

तिसऱ्या दिवशी बसने स्ताल्येनोच्या दफनभूमीत जावे. १८५१ मध्ये सुरू झालेली ही दफनभूमी म्हणजे संगमरवरी शिल्पांचे उघडे दालनच आहे. प्रवेश विनामूल्य आहे. कातेरिना काम्पोदोनिको या शेंगदाणे-सुकामेवा विकणाऱ्या बाईने पै पै साठवून हयातीतच, १८८१ मध्ये, स्वतःचा पुतळा करवून घेतला. श्रीमंतांच्या समाध्यांमध्ये तोही ताठ मानेने उभा आहे. मॅझिनीची समाधी वर झाडीत आहे. दर्शनी भागात दोन जाडजूड खांब आणि वर केवळ त्याचे नाव. जवळच त्याच्या आईचीही समाधी आहे.

काय खाल?

शाकाहारी माणसाचे येथे हाल होत नाहीत. 'फारिनाता' म्हणजे हरभऱ्याच्या डाळीचे पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचे तेल यांचे भट्टीत भाजलेले पातळ धिरडे. आपल्या बेसनाच्या पोळ्याशी त्याचे नाते लगेच ध्यानात येते. 'फोकाच्चा' हा तेल लावलेला चपटा पाव न्याहारीला पुरतो. तुळशीच्या जातीच्या पानांची चटणी 'पेस्तो' ही या गावचीच. तिच्यातील चीज मात्र प्राणिज विरजणाचे असते, हे कटाक्षाने शाकाहार पाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. 'सेन्झा कार्ने' म्हणजे मांसाविना. तेवढ्याने मासे वगळले जात नाहीत, म्हणून 'सेन्झा पेशे' हेही सांगावे.

कॉफी उभ्याने प्यावी, टेबलाशी बसल्यास दर वाढू शकतो. उपाहारगृहात माणशी बैठकीचा आकार बिलात लागतो. नळाचे पाणी पिण्यायोग्य असते. घरून चिवडा किंवा मेतकूट नेता येईल. पेढे, खवा आणि इतर दुग्धजन्य पदार्थ युरोपीय संघात नेण्यास मनाई आहे.

एकट्याने फिरताना

दिवसा जुन्या गल्ल्या गजबजलेल्या असतात. रात्री उशिरा मात्र बंदरालगतच्या निर्जन बोळांतून न जाता मोठ्या रस्त्याने मुक्कामी परतावे. स्थानकांवर आणि बसमध्ये खिसेकापूंपासून सावध राहावे. पासपोर्टची छायाप्रत वेगळी ठेवावी आणि रोजचा ठावठिकाणा घरी कळवावा. तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे.

मॅझिनीचे आयुष्य बहुतांशी परदेशात, हद्दपारीत गेले. १० मार्च १८७२ रोजी पिसा येथे तो वारला, तेव्हाही इंग्रजी नाव धारण करून राहत होता. इटली एक झाली होती, पण राजेशाही होती. त्याला हवे असलेले प्रजासत्ताक १९४६ च्या सार्वमताने आले. ज्याचे विचार वाचण्यावर नाशिकमध्ये एकेकाळी बंदी होती, त्याच्या समाधीपाशी आज नाशिकचा कोणीही वाचक बसने जाऊन उभा राहू शकतो. त्यासाठी श्रीमंती लागत नाही. वेळेवर केलेला अर्ज, नेटका हिशेब आणि चालण्याची तयारी एवढे पुरे.