तांबेऱ्याचे बीजाणू

तांबेऱ्याचे बीजाणू : तांबेरा हा रोग आणणाऱ्या परजीवी बुरशींचे धुळीसारखे प्रजननकण. उमरीच्या (जि. नांदेड) रानात ते पाहायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. तांबेरा पडलेल्या ज्वारीचे खालचे पान बोटाने पुसले की तांबूस भुकटी लागते. ही बुरशी पक्सिनिया पर्पुरिया. (पक्सिनिया सॉर्घाय या नावात ज्वारी असली, तरी ती मक्याच्या तांबेऱ्याची बुरशी आहे.)

ही भुकटी म्हणजे 'युरेडिनिओ' बीजाणू: एकपेशीय, काटेरी भित्तीचे, त्याच पिकावर पुन्हा पुन्हा लागण करणारे. जुन्या पुस्तकांतले 'युरेडो' बीजाणू ते हेच. लॅटिन युरेडोत जळण्याचा अर्थ आहे. मराठीने तांब्याचा रंग पाहिला. पण हा रंग एका अवस्थेचा. हंगाम सरताना जाड भित्तीचे, द्विपेशीय, काळपट 'टीलिओ' (पूर्वी 'टेल्यूटो') बीजाणू येतात. गव्हाच्या खोडावरल्या तांबेऱ्याला काळा म्हणतात तो यांच्यामुळे. त्याला काणी समजू नये. काणीच्या बुरशी निराळ्या.

गव्हाच्या या बुरशीचा टीलिओ बीजाणू रुजला की 'बॅसिडिओ' बीजाणू होतात. ते गव्हाला लागत नाहीत. त्यांना दारुहळदीच्या जातकुळीतले बार्बेरी झुडूप लागते. त्यावर 'पिक्निओ' बीजाणूंमुळे फलन घडते आणि पुढे साखळीने तयार होणारे 'ईसिओ' बीजाणू गव्हावर परततात. दोन यजमानांचा हा दुवा आंतॉन द बारी यांनी १८६५ मध्ये सिद्ध केला.

मराठवाड्यात मात्र ही साखळी तुटलेली आहे. इथे बार्बेरी नाही, म्हणून काळ्या बीजाणूंपासून पुढच्या वर्षी लागण होत नाही. लाल (युरेडिनिओ) बीजाणूही इथल्या उन्हाळ्यात तगत नाहीत. मग रोग येतो कुठून? आग्र्याच्या के. सी. मेहता यांनी याचा माग डोंगरांपर्यंत नेला: थंड उंचीवरच्या गव्हावर लाल बीजाणू उन्हाळा काढतात. निलगिरी-पळणीतून ते वाऱ्यावर उत्तरेकडे येतात. नोव्हेंबरातली बंगालच्या उपसागरातली वादळे त्यांना मध्य भारतापर्यंत पोचवतात आणि पावसाबरोबर ते पिकावर उतरतात.

बुरशीचा उपप्रकार ओळखण्यासाठी नमुना घ्यायचा तो बीजाणू लाल असतानाच. पान सावलीत सुकवून कागदी पाकिटात ठेवतात. प्लॅस्टिकमध्ये ते कुजते. सिमल्याच्या फ्लॉवरडेल केंद्रात लाल बीजाणू निरनिराळ्या गहू वाणांवर टोचून बुरशीचा उपप्रकार ओळखतात. काळे बीजाणू गव्हाला लागतच नसल्याने त्यांच्यावर ही परीक्षा होत नाही.