मुक्ता साळवेचा निबंध आणि आपली मुले



विहाराच्या वर्धापनदिनी इतिहासावर चार ओळी लिहा, असा मंडळींचा आग्रह झाला. आम्ही गिरणी कामगार, शाळा आठवीतच सुटली. जे वाचलं ते पाळी सुटल्यावर. चूकभूल द्यावी घ्यावी.

1848 साली जोतीराव फुल्यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. पुढे महार-मांगांच्या लेकरांसाठीही शाळा काढल्या. मुक्ता साळवे ही त्या शाळेत शिकलेली, मांग समाजातली चौदा वर्षांची पोर. तिने महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि 1855 साली तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. वेदांवर आमचा हक्क नाही म्हणता, मग आमचा धर्म कोणता, असा रोकडा सवाल तिने केला. पेशवाईतला जुलूम मांडला. डोक्यावर छप्पर नसताना थंडीपावसात बाळंत होणाऱ्या मायबहिणींचे हालही लिहिले. हे एका विद्यार्थिनीने लिहिलं, तेही शाळेत जाऊन तीनच वर्षं झाली असताना!

1882 साली जोतीरावांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. सरकारचा पैसा येतो शेतकऱ्या-कष्टकऱ्याच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, हा त्यांचा मुद्दा. निदान बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही मागणी. आपल्या जिल्ह्याला तर याचा खास अभिमान पाहिजे, कारण पंढरीनाथ सीताराम पाटलांनी लिहिलेलं जोतीरावांचं चरित्र 1927 साली आपल्या चिखलीहून निघालं. पण चिखलीच्या पोट्ट्यांना विचारा, किती जणांना माहीत आहे! आम्हालाही पन्नाशीला आल्यावर कळलं.

विहारात दर रविवारी आम्ही मुलांचा वर्ग घेतो. नुसतं अन्याय झाला, अन्याय झाला सांगितलं तर पोरं गोष्ट ऐकल्यासारखी ऐकतात अन् घरी जातात. म्हणून एकदा आम्ही उलटं विचारलं. अभ्यासाला वेगळी खोली कोणाकडे? आजा शिकलेला कोणाचा? सातबारा कोणाच्या घरात आहे? पोरं बोटं मोजू लागली. ज्याचे वडील नोकरीत आहेत, असा एक पोरगा हळूच म्हणाला, “म्हणजे मी बी आयता पुढंच आहे ना, दादा?” आम्ही हो म्हटलं. खोटं काहून सांगायचं?

मग मुक्ताचा निबंध वाचला. एका पोरीने विचारलं, “ही आपली होती का?”

आम्ही गप्प झालो. मातंग वस्ती विहारापासून दोन गल्ल्यांवर. वर्ग सुरू होऊन चार वर्षं झाली होती आणि तिकडचं एकही लेकरू आलं नव्हतं. आलं नव्हतं म्हणजे, आम्ही बोलावलंच नव्हतं. मुक्ताच्या नावाने टाळ्या वाजवायला मात्र आम्ही सगळ्यात पुढे!

पुढच्या शनिवारी आम्ही तिघेजण त्या वस्तीत गेलो. एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, “आता आठवण झाली का, बाबू?” आम्ही खाली मान घातली. दुसऱ्या दिवशी तीन लेकरं आली आणि दाराजवळच बसली. लहानपणी आम्हालाही शाळेत दाराजवळच बसवत. ती जागा आम्ही ओळखतो. सतरंजी ओढून आम्ही त्यांना पुढे घेतलं.

त्या तिघांतली मोठी पोर आता सातवीत आहे. वर्गात मुक्ताचा निबंध वाचायचा असला की पहिलं पान तीच वाचते. अडखळली तर शेजारची पोरगी शब्द सांगते.