ट्रकचा हब खोलताय? आधी ही हत्यारे जमवा

साखरखेर्डा (ता. सिंदखेडराजा) : ट्रकच्या मागच्या एक्सलचे बेअरिंग किंवा ऑइल सील घरीच बदलायचे, तर नेहमीच्या पान्यांवर भागत नाही. हब नटला त्याच मापाचा बॉक्स पाना लागतो; छिन्नी-हातोड्याने नटच्या कडा जातात, आटेही बिघडतात. बेअरिंगला पुलर, कसायला टॉर्क पाना हवा. मेहकर-चिखलीला हत्यार आणायला जाताना गाडीचे मॉडेल, नटचे माप लिहून न्या. काम एकदाचेच असेल, तर ओळखीच्या गॅरेजवरून मागून आणलेले परवडते. बेअरिंग सैल राहिले की चाक डुगडुगते, जास्त आवळले की तापून जाम होते. म्हणून कसण्याचे माप कंपनीच्या पुस्तिकेतलेच धरा. नुसत्या जॅकवर भरवसा नको. गाडी रिकामी करा, पुढच्या चाकांना ठोकळे लावा, एक्सलखाली घोडी ठेवा, मगच हात घाला.