गायरानातली शाळा

मंडळी, हजेरीपट म्हटलं की मला अजून एक मुलगा आठवतो. 1974 साली मी नुकताच नोकरीला लागलो होतो. चौथीतला हा पोरगा पावसाळा लागला की गायब. गुरं राखायला जायचा. मी इमानेइतबारे गैरहजेरी मांडत गेलो. वार्षिक परीक्षेत तो नापास झाला आणि 'अभ्यासात गती नाही' हा शेरा मीच लिहिला. पुढच्या वर्षी तो आलाच नाही.

याच्या कितीतरी आधी ठाणे जिल्ह्यात (तो भाग आता पालघरमध्ये) ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ हाच पेच सोडवत होत्या. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेलं. माँटेसोरी पद्धत त्या कोळून प्यायल्या होत्या. 1945 मध्ये दोघींनी बोर्डीला काम सुरू केलं. माँटेसोरीची साधनं महागडी, म्हणून शिंपले, बिया, खडे वापरले. पण पाड्यावरची पोरं बालवाडीत येईनात! मग बालवाडीच पाड्यावर गेली, लोकांच्या अंगणात भरू लागली. तीच अंगणवाडी. पुढे 1975 च्या एकात्मिक बालविकास योजनेतल्या केंद्रांनाही हेच नाव मिळालं.

कोसबादच्या टेकडीवर गेल्यावर विकासवाडी आली. धाकट्या भावंडाला सांभाळायचं म्हणून मुली घरी राहत. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्रच. भाऊ पाळण्यात, बहीण वर्गात. किती साधी गोष्ट! आणि गुराख्यांसाठी कुरणशाळा. गुरं चरतात तिथेच शिक्षकाने जायचं.

आता यातली खरी मेहनत कुणाची? शिक्षकाचीच. पोरांची बोली वारली, त्यांचं निम्मं लक्ष गुरांकडे. तिथे आमची पाठाची टाचणं काय कामाची? हाताशी असलेल्या पानाफुलांतून, दगडगोट्यांतून मोजणी शिकवायची, तर शिकवणाऱ्यालाच सगळं नव्याने शिकावं लागतं. आम्हाला मात्र प्रशिक्षणात फळ्यावर सुवाच्य अक्षर कसं काढावं यावर फार भर होता. (माझं अक्षर अजून चांगलं आहे, बरं का.)

कुरणशाळेबद्दल मी नीट वाचलं ते निवृत्तीनंतर. माझ्या वर्गाच्या मागच्या खिडकीतून गावचं गायरान दिसायचं. चालत गेलं तर दहा मिनिटं.