शनिवारवाड्याचीं जोतीं

पुण्यास आलेला पाहुणा शनिवारवाडा पाहावयास जातो आणि बहुधा हिरमुसला होऊन परततो. हत्तींनीं धडक देऊं नये म्हणून दिल्ली दरवाजावर बसविलेले अणकुचीदार खिळे, वरचा नगारखाना आणि भक्कम तट पाहून त्याची अपेक्षा वाढलेली असते. आंत पाऊल टाकावें तों हिरवळ आणि दगडी जोतीं! गेल्या खेपेस आमच्याबरोबरच्या एका लहान मुलानें विचारलें, “पण वाडा कोठें आहे?”

वाडा जळाला, हें खरें उत्तर. थोरल्या बाजीरावानें १७३० च्या जानेवारींत पाया घातला, १७३२ त वास्तुशांत झाली. पुढील पेशव्यांनीं मजले, चौक, कारंजीं वाढविलीं. १८२८ च्या फेब्रुवारींत लागलेली आग कित्येक दिवस धुमसत होती. लांकडाचें तें गेलें, दगडाचें तें राहिलें. १९०४ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यानंतर, १९१९ सालीं, ही जागा संरक्षित ठरली आणि १९२३ पर्यंत खोदकाम चाललें. आज दिसणारीं जोतीं, हौद व पाण्याचे पाट यांपैकीं पुष्कळसें त्या खोदकामानेंच उजेडांत आणलें.

वाडा पुन्हा उभारावा, अशी इच्छा कित्येकांच्या मनांत येते. ती प्रेमापोटीं येते, हें आम्ही जाणतों. पण ती आम्हांस मान्य नाहीं. वर्णनें वाचून तुळईची लांबी किंवा महिरपीचें वळण ठरत नाहीं. नवा वाडा उठला तर तो आमच्या पिढीच्या कल्पनेचा होईल, आणि त्याच्या खांबांसाठीं अस्सल जोतीं फोडावीं लागतील. विश्रामबागवाड्याची गोष्ट वेगळी. तोही १८७९ च्या आगींत सांपडला, परंतु त्याचें दर्शनी लांकूडकाम डोळ्यांसमोर आहे. तेथें दुरुस्तीस आधार आहे. येथें केवळ तर्क.

मग करावें काय? काम मोठें नाहीं, पण चिकाटीचें आहे. पिंपळाचें रोप बोटभर असतांनाच उपटावें, पावसाचें पाणी सांध्यांत मुरूं देऊं नये, आणि सांधे चुन्यानेंच भरावे. सिमेंट कठीण असतें म्हणून लोकांस तें आवडतें. परंतु तें ओल कोंडून ठेवतें आणि कालांतरानें शेजारचा दगडच झिजतो.

आणि एक. नारायणरावाचा खून येथें १७७३ त झाला. त्याच्या रात्रींच्या हांकेची दंतकथा रंगवून सांगणारे पुष्कळ भेटतात, जोत्यांचा अर्थ सांगणारा विरळा. दरवाजे उघडले, एवढ्यानें वास्तु लोकांस खुली होत नाहीं.

त्या मुलास आम्ही हजारी कारंजाजवळ नेलें, दगडी कमळाच्या सोळा पाकळ्या मोजावयास लाविल्या. मग एका जोत्यापाशीं येऊन म्हटलें, ही भिंत, हा उंबरठा, येथून आंत ये. तो आला, थबकला, आणि पुढची खोली आपली आपणच शोधूं लागला.