नाण्याचा आवाज

नव्वदच्या दशकात चुलत्यांनी मुंबईहून पारनेरला टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला. यंत्र नकली, पण आतला 'सुपर मारिओ ब्रदर्स' निन्टेंडोचा, १९८५चा. संगीत कोजी कोंडो यांचं. काही विटांना खालून ठोसा मारला की नाणं निघे आणि दोन स्वर वाजत. दुसरा वरचा, लांबलेला. यंत्रात सुरेल आवाज तीनच. म्हणून नाणं वाजताना संगीतातला एक आवाज क्षणभर गप्प होई. शंभर नाण्यांना एक जीव मिळे. आमच्या दुष्काळी तालुक्यात पैशाचा इतका खात्रीचा आवाज दुसरा नव्हता.

यंत्रांची ती अडचण कधीच संपली. नाणं मात्र मारिओच्या नव्या खेळांतही ओळखीचंच वाजतं. परवा मुलाच्या मोबाइलवर ते वाजलं, तशी आई आतून म्हणाली, "भावजींचा गेम अजून चालतो व्हय?"