शेवटच्या हप्त्यानंतरचं खरेदीखत

१९६१ मध्ये शिकागोच्या पश्चिम भागातल्या नॉर्थ लॉनडेलमध्ये क्लाइड रॉस यांनी २७,५०० डॉलरला घर घेतलं. विकणाऱ्यानं तेच घर सहा महिन्यांपूर्वी १२,००० डॉलरला घेतलं होतं.

मिसिसिपीहून आलेले रॉस सैन्यात राहिलेले, नोकरीला लागलेले. मग ते बँकेत का गेले नाहीत? बँका त्यांच्यासारख्या कृष्णवर्णीयांना दारातूनच परत पाठवत. १९३४ पासून ‘फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन’ ही सरकारी संस्था घरकर्जांना विमा देत होती, पण कृष्णवर्णीय वस्त्या तिच्या लेखी धोक्याच्या. विमा नाही म्हणून कर्ज नाही, आणि कर्ज नाही म्हणून गिऱ्हाईक थेट दलालाच्या हाती.

दलाल वरवर उदारच वाटे. थोडी रक्कम आगाऊ द्या, राहायला या, उरलेले पैसे दरमहा मलाच द्या. मेख अशी, की शेवटचा हप्ता फिटेपर्यंत घर विकणाऱ्याच्याच नावावर. दुरुस्ती, कर, विमा मात्र घेणाऱ्यानं भरायचा. एखादा हप्ता चुकला तरी घरही जाई आणि भरलेले पैसेही. मग तेच घर पुढच्या कुटुंबाला विकायला दलाल मोकळा. म्हणजे गिऱ्हाईक बुडालं तर फायदा दुप्पट! करार कायदेशीर होता, हे विशेष.

हप्ते भागवायला माणसं दोन-दोन नोकऱ्या करत, खोल्या भाड्यानं देत. डागडुजीला पैसा उरत नसे. वर ‘या लोकांना घरं सांभाळता येत नाहीत’ असं म्हणणारे होतेच.

मार्क सॅटर हे गोरे वकील अशा खरेदीदारांचे खटले कोर्टात लढवत असत. १९६५ मध्ये ते वारले. १९६८ मध्ये लॉनडेलच्या रहिवाशांनी ‘कॉन्ट्रॅक्ट बायर्स लीग’ उभारली. रॉस तिच्यात पुढे होते, आणि जॅक मॅकनमारा हा जेझुइट पंथाचा तरुण विद्यार्थीही सोबत होता. त्यांनी विक्रेत्यांच्या दारात निदर्शनं केली आणि हप्तेच रोखून धरले. मग शेरीफची माणसं येऊन हप्ते थांबवणाऱ्यांचं सामान रस्त्यावर काढत. ती गेली की शेजारीपाजारी ते उचलून पुन्हा घरात नेऊन ठेवत. काही विक्रेते नमले, अनेक करार नव्यानं झाले. मात्र लीगनं लावलेले मोठे दावे कोर्टात टिकले नाहीत.

२०१९ मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी हिशोब मांडला. १९५० आणि १९६० च्या दशकांत शिकागोत कृष्णवर्णीयांना विकलेल्या घरांपैकी ७५ ते ९५ टक्के घरं अशाच करारावर गेली होती. त्यापायी या कुटुंबांच्या हातून गेलेली संपत्ती २०१९ च्या भावानं ३०० ते ४०० कोटी डॉलरची.